‘माझ्या हातून घडलं’: सॅक्रामेंटोतली एक सुनावणी

आईला फोनवर सांगितलं, पॅरोलच्या एका कामासाठी इथे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात बोलायला जायचं आहे. तिने लगेच विचारलं, "कुणाचं लग्न आहे, की कुणी गेलंय?"

तिचं काही चुकलं नव्हतं. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे रजाच. सरकारी कागदावर फर्लो ही संचित रजा आणि पॅरोल ही अभिवचन रजा. घरात मयत, आजारपण, लग्न निघालं की कैदी अर्ज करतो, मंजूर झाला तर घरी येतो आणि दिवस भरले की तुरुंगाच्या दारात पुन्हा हजर होतो. माझे बाबा सांगलीत एका फौजदारी वकिलांकडे कारकून होते, त्यामुळे आमच्या घरात हे शब्द जेवताना कानावर पडायचे.

कॅलिफोर्नियात पॅरोलचा अर्थ फार मोठा आहे. इथे खुनासाठी ‘15 वर्षं ते जन्मठेप’ किंवा ‘25 वर्षं ते जन्मठेप’ अशी शिक्षा होते. आधीची वर्षं भरली म्हणून कुणी आपोआप सुटत नाही. पॅरोल बोर्डासमोर सुनावणी होते आणि हा माणूस आज बाहेर गेला तर समाजाला धोका आहे का, एवढं बोर्ड ठरवतं. धोका नाही असं ठरलं तर सुटका, देखरेखीखाली का होईना. बहुतेकांना नकारच मिळतो. नकार मिळाला की पुढची तारीख 3, 5, 7, 10 किंवा थेट 15 वर्षांनंतरची. 2008 साली मतदारांनी मंजूर केलेल्या मार्सीज लॉने हे आकडे ठरवले. त्याआधी ही मुदत 1 ते 5 वर्षांची असायची.

हे ठरवणारे कमिशनर 21. त्यांना गव्हर्नर नेमतात, 3 वर्षांसाठी. आणि त्या नेमणुकीवर राज्याच्या सिनेटने, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाने, शिक्कामोर्तब करावं लागतं. या शिक्कामोर्तबाच्या वाटेने मी एकदा गेले, त्याची ही हकिकत.

मी फॉल्समला राहते, राज्याची राजधानी सॅक्रामेंटोपासून अर्ध्या तासावर. इथे आपली बरीच माणसं आहेत, बहुतेक सगळी संगणक आणि चिपच्या कंपन्यांत. मीही 19 वर्षं टेस्टिंगमध्ये काढली. नोकरी सोडल्यावर तासाभराच्या अंतरावरच्या एका तुरुंगात दर गुरुवारी संध्याकाळी इंग्रजी लेखनाचा वर्ग घ्यायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी गेटवरून परत पाठवलं, कारण मी निळी जीन्स घालून गेले होते. निळा रंग कैद्यांचा. गडबड झाली तर पहाऱ्यावरच्या माणसाला लांबून मी वेगळी दिसले पाहिजे. तेव्हापासून माझ्या कपाटात गुरुवारचे कपडे वेगळे असतात, करड्या आणि मरून रंगाचे.

वर्गात अकरा-बारा जण असायचे. त्यांत एक सरदारजी, सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना बाबाजी म्हणायचे, मीही. ते मला भैणजी म्हणायचे. कॅलिफोर्नियाच्या या भागात पंजाबी शेतकरी शंभर वर्षांपासून आहेत, पीचच्या, अक्रोडाच्या बागा करणारे. बाबाजी त्यांच्यातलेच, पण बरेच उशिरा आलेले. जमिनीच्या भांडणात त्यांनी नात्यातल्या एका माणसाला मारलं. 25 पेक्षा जास्त वर्षं ते आत आहेत. वय 50 च्या वर आणि शिक्षेची 20 वर्षं पूर्ण, अशा कैद्यांना वृद्ध म्हणून सुनावणी मिळते, तशी त्यांना मिळाली होती. निकाल: नकार, 3 वर्षं.

एका गुरुवारी वर्ग संपताना ते खाकी पाकीट घेऊन आले. आत सुनावणीचं ट्रान्स्क्रिप्ट होतं, शंभराच्या आसपास पानं, प्रत्येक ओळीला आकडा. म्हणाले, "भैणजी, एह पढ़ो. मैंनूं दस्सो मैं की गलत केहा." मी काय चुकीचं बोललो ते सांगा.

स्वयंसेवकांना एक कडक नियम असतो. कुठल्याही एका कैद्याशी जवळीक करायची नाही, त्याची वकिली करायची नाही. त्यावर माझी सही आहे आणि नियम मला पटतो. पण ट्रान्स्क्रिप्ट ही सार्वजनिक गोष्ट आहे, कुणीही मागवून वाचू शकतं. मी तिथेच, त्यांच्यासमोर बाकावर बसून, त्यांनी बोट ठेवलं ते पान वाचलं.

कमिशनरनी विचारलं होतं, त्या दिवशी काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा. बाबाजी पंजाबीत बोलले, दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं. कागदावर फक्त ते इंग्रजी. त्यात वाक्य होतं, ‘माझ्याकडून एक मिस्टेक घडली.’ कमिशनरनी विचारलं, तुम्ही याला मिस्टेक म्हणता? उत्तर: ‘हो मॅडम, फार मोठी मिस्टेक.’ निकालाच्या पानावर कारण होतं, कैदी गुन्ह्याची तीव्रता कमी करून सांगतो, त्याला ‘इनसाइट’, म्हणजे आपल्या कृत्याची जाण, नाही.

मी विचारलं, "बाबाजी, पंजाबीत तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

"मेरे तों गलती हो गई."

मी ते पान बराच वेळ हातात धरून बसले. दुभाष्याने एकही शब्द चुकवला नव्हता. कमिशनरनी जे ऐकलं त्यावरून निष्कर्ष काढला होता. तरीही जे बोललं गेलं ते त्या खोलीत पोचलं नव्हतं. ‘गलती मानना’ म्हणजे गुन्हा कबूल करणं. पंजाबी घरात माणूस मान खाली घालून ‘मेरे तों गलती हो गई’ म्हणतो तेव्हा त्याने सगळं पदरात घेतलेलं असतं. इंग्रजीत मिस्टेक म्हणजे चुकीच्या गल्लीत गाडी वळवली. बाबाजींना वाटलं, आपण ‘फार मोठी’ म्हणून कबुली आणखी पक्की केली. इंग्रजीत ऐकणाऱ्याला वाटलं, हा माणूस खुनाला मोठी चूक म्हणतो.

आणि ‘हो गई’. बाबा घरी जबाबांच्या नकला तपासत बसायचे, त्यांतली वाक्यं मला पाठ झाली होती. ‘रागाच्या भरात माझ्या हातून घडले.’ मराठी माणूस आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट कबूल करतो ती अशीच. ‘मी मारलं’ असं फार थोडे म्हणतात. त्यात अंग काढून घेणं नसतं, उलट लाज असते. आपल्याकडे अशा वाक्यात हात मुद्दाम ठेवलेला असतो. इंग्रजीत ते वाक्य गेलं की हात गळून पडतो आणि नुसतं ‘घडलं’ उरतं.

हा इनसाइट शब्द इथे एवढा वजनदार का, ते मला नंतर कळलं. ऑगस्ट 2008 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एकात सँड्रा लॉरेन्स नावाची बाई होती. 1971 साली तिने प्रियकराच्या बायकोला मारलं होतं. बोर्डाने तिला चारदा योग्य ठरवलं आणि चारही वेळा गव्हर्नरनी तो निर्णय फिरवला. 1988 पासून खुनाच्या प्रकरणांत गव्हर्नरना तो अधिकार आहे. न्यायालय म्हणालं, गुन्हा कितीही भयंकर असला तरी तेवढ्यावर पॅरोल नाकारता येणार नाही, तो माणूस आज धोकादायक आहे याचा काहीतरी पुरावा हवा. तिची सुटका कायम राहिली. दुसऱ्या निकालात बायकोला गोळी घालणारा एक माणूस होता, तो शेवटपर्यंत अपघात झाला म्हणत राहिला. त्याचा नकार न्यायालयाने कायम ठेवला, कारण त्याला आपल्या कृत्याची जाण नाही. तेव्हापासून प्रत्येक सुनावणीत ही जाण शोधतात, आणि ते योग्यच आहे. फक्त ती जाण माणसाच्या तोंडच्या शब्दांवरूनच कळते.

त्याच महिन्यात मला कळलं की त्या सुनावणीतल्या कमिशनरबाईंवर सिनेटचं शिक्कामोर्तब अजून व्हायचं आहे. गव्हर्नरच्या कार्यालयाच्या पत्रकात नेमणुकांची माहिती येते. आधी कुठे काम केलं, शिक्षण काय, पगार किती, कुठल्या पक्षाच्या मतदार म्हणून नोंद आहे, आणि एक ठरलेलं वाक्य: या पदाला सिनेटची मंजुरी लागते. मला वाटलं होतं, मंजुरी आधी आणि काम नंतर. तसं नाही. नेमलेला माणूस लगेच काम सुरू करतो आणि सिनेटने 365 दिवसांच्या आत मंजुरी द्यायची असते. दिली नाही तर पद सोडावं लागतं. म्हणजे सिनेटसमोर येईपर्यंत त्या माणसाने कितीतरी जणांचे निर्णय दिलेले असतात. सुरुवातीला मला हे उलटं वाटलं. नंतर वाटलं, बरंच आहे. कोऱ्या पाटीला काय प्रश्न विचारणार? इथे विचारायला काम तरी समोर असतं.

त्या रात्री मी दोन पानी विरोधाचं पत्र लिहिलं. नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, "तू त्यांच्या किती सुनावण्या वाचल्यास?"

एक. एकच वाचली होती.

मग मी बोर्डाला ईमेल करून त्याच कमिशनरच्या आणखी सुनावण्यांची ट्रान्स्क्रिप्ट्स मागवली. नऊ आली. तीन आठवडे मी रोज सकाळी चहा घेऊन बसायचे आणि दुपारी डोकं धरून उठायचे. हे वाचन सोपं नाही. लहानपणीचा मार, दारू, टोळ्या, आणि मग ती एक रात्र, प्रत्येकाची वेगळी. शेवटी मृताच्या घरच्यांचं बोलणं. बाबाजींच्या सुनावणीतही मृताची बायको व्हिडिओवर आली होती. तीन पानं आहेत तिची. ती ज्या घरात राहते तिथला पुढचा दिवा इतक्या वर्षांत तिने रात्री कधी बंद केलेला नाही, असं त्यात आहे. बाबाजींबद्दल विचार करताना मी ती तीन पानं बाजूला ठेवू शकले नाही, आजही ठेवत नाही.

नऊपैकी दोन सुनावण्या दुभाष्यामार्फत झाल्या होत्या, दोन्ही स्पॅनिश. त्यातल्या एकात कैदी म्हणाला, ‘माझा हात माझ्यापासून गेला.’ मी वर्गातल्या एका मेक्सिकन मुलाला विचारलं की असा वाक्प्रचार आहे का. तो म्हणाला, आहे ना, ‘से मे फुए ला मानो’, आमच्याकडे सगळे म्हणतात. आपलं ‘हात सुटला’ म्हणा की! आणि कमिशनरबाईंनी तिथे काय केलं होतं? त्या थांबल्या होत्या. दुभाष्याला म्हणाल्या, त्यांना सांगा, पुन्हा एकदा हळूहळू सांगा. चाकू कुठे होता? कुणी उचलला? कोणत्या हाताने? मग तो माणूस बोलला, ‘मी उचलला, मी मारला, त्याने माझ्याकडे पाहिलं होतं.’ पुढची दोन पानं अंगावर काटा आणणारी आहेत. जाण म्हणतात ती त्या दोन पानांत आहे. त्या माणसाला पॅरोल मिळाला.

मी माझं पहिलं पत्र फाडून टाकलं. या बाईंना ऐकता येत होतं. स्पॅनिश त्यांच्या कानावर रोज पडत असणार, म्हणून तिथे त्या थांबल्या. पंजाबी क्वचित येते, म्हणून नाही थांबल्या. माझ्या मते गोष्ट एवढीच होती आणि ती सुधारता येण्यासारखी होती.

दुसरं पत्र एका पानाचं झालं. त्यात बाबाजींचा उल्लेखही नव्हता. मी लिहिलं, नेमणुका तपासणाऱ्या सिनेटच्या समितीने कृपया एक प्रश्न विचारावा: कैदी दुभाष्यामार्फत बोलतो तेव्हा त्याची जाण तुम्ही कशी तपासता? आणि ‘माझ्या हातून घडलं’ हे वाक्य अक्षरशः भाषांतर करून दाखवलं. दोन दिवसांनी समितीच्या कार्यालयातून एका तरुण मुलाचा फोन आला. फार नम्र होता. म्हणाला, "मॅडम, पत्र समर्थनात धरू की विरोधात?" मी म्हटलं, दोन्ही नाही, माझी एक काळजी आहे. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "तशी नोंद करतो." शिवाय त्याने सांगितलं की समिती नेमणूक झालेल्यांना आधी लेखी प्रश्न पाठवते आणि त्यांची उत्तरं सुनावणीच्या कागदपत्रांत सगळ्यांना वाचायला मिळतात. मी ती वाचली. प्रशिक्षण, पीडितांना सूचना, तरुणपणी गुन्हा केलेल्यांचा विचार, सगळं होतं. भाषेबद्दल काही नव्हतं.

सुनावणी मार्चमध्ये होती. सॅक्रामेंटोत तेव्हा कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, बागेत कॅमेलियाची फुलं जमिनीवर पडून सडा झालेला असतो. आमदारांची कार्यालयं सध्या जवळच ओ स्ट्रीटवरच्या दहा मजली नव्या इमारतीत आहेत, समित्याही तिथे बसतात. सिनेटची रूल्स कमिटी म्हणजे फक्त पाच सदस्य, अध्यक्षपद सिनेटच्या नेत्याकडे. 40 जणांच्या सभागृहात कुणाची नेमणूक जाईल याची खरी चाळणी या पाच जणांकडे. मी जीन्स घातली नाही, सवयीने.

माझ्या शेजारी साठीच्या पुढची एक बाई बसली होती. छातीवर एका तरुण मुलाचा फोटो, बिल्ल्यासारखा. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, मीही. आमच्या आधी दुसऱ्या एका मंडळाच्या नेमणुका झाल्या, पाण्याबद्दलचं काहीतरी. मग कमिशनरबाईंचं नाव पुकारलं.

त्यांना मी पहिल्यांदा पाहत होते. दहा सुनावण्या वाचल्यावर त्या मला उंच वाटायच्या. प्रत्यक्षात त्या माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी मागे बसलेल्या आपल्या आईची ओळख करून दिली. थोडक्यात निवेदन केलं. एका सिनेटरनी विचारलं, पीडितांच्या नातेवाइकांना सुनावणीनंतर काय आधार मिळतो? दुसऱ्यांनी विचारलं, 3 वर्षं की 5 वर्षं हे कसं ठरवता? तिसऱ्यांनी बोर्डावरच्या माणसांची पार्श्वभूमी काढली. बोर्डाच्या रचनेत वंश, लिंग, आर्थिक स्थिती आणि प्रदेश या बाबतींत राज्याच्या लोकसंख्येचं शक्य तितकं प्रतिबिंब असावं, असं कायदाच म्हणतो. भाषेचा शब्द त्यात नाही, हे मला तिथे बसल्याबसल्या जाणवलं.

मग एका सिनेटरनी समोरचा कागद उचलला. माझा श्वास अडकला, कारण कागदावरचं लेटरहेड माझं होतं. त्यांनी प्रश्न जवळजवळ माझ्याच शब्दांत विचारला.

कमिशनरबाई लगेच बोलल्या नाहीत. तेरा-चौदा सेकंद गेले असतील. मग म्हणाल्या की स्पॅनिशच्या बाबतीत काही वाक्यं त्यांच्या ओळखीची झाली आहेत, तिथे त्या पुन्हा विचारतात. बाकी भाषांत त्या बहुतेक दुभाष्याच्या शब्दावर विसंबून राहतात. "मी तिथेही पुन्हा विचारायला हवं," असं म्हणून त्यांनी समोरच्या वहीत काहीतरी लिहिलं. वचन दिलं नाही, सफाई दिली नाही. सिनेटर ‘थँक यू’ म्हणाले आणि पुढचा विषय सुरू झाला. माझी सगळी खटपट दीड मिनिटात आटोपली. पण ते दीड मिनिट नोंदीत आहे.

नंतर लोकांना बोलावलं. आधी समर्थक, मग विरोधक. रांगेतल्या बहुतेकांना फक्त नाव, संस्था आणि बाजू सांगायची असते, फार तर एक मिनिट. शेजारची बाई उठली, तेव्हा तिच्या हातात चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि कागदांची पिशवी होती. तिने मला विचारलं, "जरा धरता?" मी सगळं मांडीवर घेतलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.

ती विरोधात बोलली. या कमिशनरच्या पॅनेलने तिच्या मुलाच्या मारेकऱ्याला पॅरोल दिला होता. ती ओरडली नाही. म्हणाली, त्याने त्या खोलीत मला हवं ते सगळं सांगितलं, सुंदर सांगितलं, पण 22 वर्षांत शब्द शिकायला कितीसा वेळ लागतो? मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता, आजही नाही. मी आले होते शब्द न सापडलेल्या माणसासाठी, ती आली होती ज्याला शब्द फार नेमके सापडले त्याच्यासाठी. दोघींना एकाच गोष्टीची धास्ती होती, की खोलीत जे ऐकू येतं ते खरं असेल का.

ती परत आली, सामान घेतलं, माझा हात किंचित दाबला. मग माझा नंबर.

मी म्हटलं, मी कुणाच्याही बाजूने बोलत नाही. माझ्या भाषेत माणूस सगळ्यात मोठा गुन्हा कबूल करतो तेव्हा तो ‘माझ्या हातून घडलं’ म्हणतो. इंग्रजीत हे ऐकायला पळवाट वाटते. आमच्याकडे ती कबुली असते. या राज्यात अशा भाषा बोलणारी माणसं कोठडीत आहेत आणि त्यांनी मारलेल्या माणसांच्या घरीही त्याच भाषा बोलतात. दोघांचंही नीट ऐकलं जावं. माझा आवाज मध्येच कापला. मिनिट संपलं तेव्हा दोन वाक्यं राहून गेली होती.

मतदान झालं: चार हो, एक नाही. सिनेटमधलं मतदान काही दिवसांनी झालं, ते मी घरी लॅपटॉपवर पाहिलं. नाव पुकारलं, चर्चा नाही, हजेरी घेतल्यासारखी नावं वाचली गेली. 21 मतं लागतात, ती सहज ओलांडली. तीन मिनिटंही लागली नाहीत. खरं काम त्या छोट्या खोलीत झालं होतं.

माझ्या ओळखीचे काही वकील म्हणतात की राजकारण्यांनी यात पडूच नये. कमिशनर न्यायाधीशासारखे असतात, त्यांना मतांच्या भीतीखाली ठेवलं तर ते नकारच देत राहतील. सुटलेल्या एकाने पुन्हा गुन्हा केला तर ती बातमी होते. विनाकारण दहा वर्षं जास्त आत राहिलेल्याची बातमी कुणी छापत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही मी सिनेटची ती खोली बंद करा म्हणणार नाही. 15 ऑगस्ट 2022 ला बिल्किस बानो प्रकरणातले 11 जण गुजरातेत सुटले. ती शिफारस करणाऱ्या तुरुंग सल्लागार समितीत आमदारही होते. त्या समितीवर कोण आहे, त्यांनी आधी कुणाबद्दल काय ठरवलं, हे त्यांना नेमताना कुणी उघड्यावर विचारलेलं आपण ऐकलं नाही. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे सुटकेचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये ती सुटका रद्द केली. येरवड्यात असो वा सॅक्रामेंटोत, कोण सुटणार हे जे ठरवतात त्यांना कुणीतरी समोर बसवून प्रश्न विचारले पाहिजेत, आणि मागच्या बाकांवर फोटो लावलेल्या त्या बाईलाही जागा पाहिजे, मलाही.

गुरुवारी वर्गात मी बाबाजींना यातलं काहीच सांगितलं नाही, सांगायचं नसतंच. त्या दिवशीचा विषय होता ‘एक दिवस, तासातासाने’. कुठलाही दिवस निवडायचा आणि काय काय केलं ते क्रमाने लिहायचं, प्रत्येक वाक्य ‘मी’पासून. हा विषय मी पूर्ण वर्गाला दिला. बाबाजी पिवळ्या पॅडवर गुरुमुखीत लिहीत होते, खूप दाबून, मागच्या तीन पानांवर अक्षरं उमटतील इतकं. कुठला दिवस निवडला ते मी विचारलं नाही. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्यांची अजून सकाळच चालली होती.

आईने पुढच्या फोनवर विचारलं, "सोडलं का मग त्यांना?" मी म्हटलं, नाही आई, त्यांची तारीख अजून लांब आहे. ती म्हणाली, "तुझे बाबा जबाब लिहिताना माणूस बोलेल तसंच लिहायचे. वकीलसाहेब रागवायचे त्यांना."

बोर्डावर आणखी दोघांच्या नेमणुका झाल्याचं पत्रक आलं आहे. त्या सिनेटसमोर यायला वेळ आहे. मी त्यांची ट्रान्स्क्रिप्ट्स मागवली आहेत, आणि या वेळी मागणीतच लिहिलं आहे, दुभाष्यामार्फत झालेल्या सुनावण्या आधी पाठवा.